दारात मारलेली हाक

लेंग बाळा,

लिहिते आहे तुझी बहीण काबाओ आणि बोलते आहे मी, त्यामुळे शिव्या माझ्या, शुद्धलेखन तिचं.

तीन दिवस घरात येरझाऱ्या घालते आहे. कॉम्प्युटर गेमच्या सामन्याआधी तुझं मनगट दुखत असल्याची बातमी फुटली आणि ती तूच पैशासाठी विकलीस म्हणून संघाने तुला घरी बसवलंय. बाळा, बातमी मी फोडली.

फोनवर तू म्हणालास, "आजी, कुणाला बोलू नकोस." मी कुठे माणसाला बोलले? आपल्या ह्मोंग रीतीने, घाबरून पळालेल्या तुझ्या आत्म्याला बोलले. रविवारी दारात अंडं नि तांदूळ ठेवून हाक मारली, "लेंगच्या उजव्या मनगटात परत ये, त्याला माऊससुद्धा धरवत नाही." आत्मा लांब गेलेला, हाक मोठ्यानेच मारावी लागते. मागे तीस नातेवाईक जेवणाची वाट बघत होते.

कोंबडी शिजेपर्यंत सट्ट्याच्या ॲपवर तुमच्या विजयाचा भाव बासष्ट सेंटांवरून एकतीसवर आला, म्हणजे तुम्ही हरणार यावर पैसे लागले. तुझा पाओकाका फोन लपवत म्हणाला, "आई, रस्सा झकास झालाय." रस्सा अजून गॅसवरच होता.

उद्या तुझ्या चौकशीवाल्यांसमोर मी बसणार आहे. काबाओ म्हणते, "आजी, काकाचं नाव निघेल." निघू दे. मुलगा माझाच आहे, पण त्याने तुझ्या दुखण्यावर पैसे लावले.

हे पत्र तुला पाठवत नाही. घरच्यांची नावं नकोत म्हणून तू गप्प बसला आहेस, आणि मलाही गप्प बसवशील.

तुझी तोंडाळ आजी