यरीहोचा दिवा आणि पांढरी रेघ

सर, तुमची खोदकामाची वही गेल्या महिन्यात तुमची मुलगी माझ्याकडे देऊन गेली. तुमचं घर रिकामं करताना तिला ती सापडली. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात 'नोंदी, इयत्ता नववी' आणि खाली माझं नाव होतं, म्हणून बिचारी विचारत विचारत माझ्या दारापर्यंत आली. मी तिला चहा दिला, पोहे दिले, तुमच्या आठवणी म्हणून दोन गमतीच्या गोष्टी सांगितल्या आणि ती गेल्यावर वही फळीवर सर्वांत वर, हात पोचणार नाही अशी ठेवून दिली. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होतील आता. एवढ्या वर्षांनी एखाद्या वहीची भीती वाटावी हे हास्यास्पद आहे, पण वाटली. त्यातलं एक पान मला न उघडताच पाठ होतं.

तुम्ही नगरकडचे. कातळाला 'खडक' म्हणायचात आणि बांगड्याचे काटे काढताना तुमची जी त्रेधा उडायची ती बघायला आम्ही मुली मुद्दाम डबा तुमच्या टेबलाजवळ खायचो. रत्नागिरीतल्या त्या शाळेत तुम्ही एकटेच ख्रिस्ती शिक्षक होतात, आणि इतिहासाच्या तासाला कुठल्याही धड्यावरून फिरून फिरून पॅलेस्टाईनमधल्या यरीहोला, म्हणजे इंग्रजीतल्या जेरिकोला पोचायचात. तुमच्या आईनं तुम्हाला लहानपणी पवित्र शास्त्रातली, बायबलातली गोष्ट सांगितली होती: सैन्यानं गावाला सात दिवस फेऱ्या घातल्या, रणशिंगं फुंकली, गर्जना केली आणि तट कोसळला. आम्हाला तुम्ही तीही सांगितलीत आणि मातीची गोष्टही सांगितलीत. वाळवंटाच्या कडेला एक जिवंत झरा, म्हणून माणसं तिथं राहायला आली; घरं पडली, त्यांच्याच मातीवर नवी बांधली, ओस पडली, पुन्हा कुणी आलं, असं हजारो वर्षं, आणि गावाची टेकडी झाली. अगदी खालच्या थरांत मेलेल्यांच्या कवट्यांवर चुन्याचे चेहरे केलेले आणि डोळ्यांच्या जागी शिंपले. हर्णे बंदरावरची एक मुलगी पटकन म्हणाली, "सर, शिंपले आमच्याकडनं न्यायचे होते, ढीग पडलेत." तुम्ही केवढे हसलात. मग गंभीर झालात. एका संशोधकानं पडलेली भिंत शोधून 'हाच तो तट' म्हटलं होतं, आणि वीसेक वर्षांनी एका बाईंनी थर पुन्हा तपासून दाखवलं, की ती भिंत गोष्टीच्या काळाच्या कितीतरी आधीच पडली होती. "माझ्या आईला ह्या बाई अजिबात आवडल्या नसत्या," तुम्ही म्हणालात. "मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. पण मातीला जे ठाऊक आहे ते तिनं सांगावं. माझ्या बाजूनंच सांगावं असं मी कोण म्हणणार?"

आणि तुमच्याजवळ तो दिवा होता. तिकडे यात्रेला गेलेल्या कुणा पाद्र्यानं टेकडीजवळून उचलून आणलेला, बशीसारखा, एका बाजूनं चिमटा काढून वातीला चोच केलेली. आमच्या दिवाळीच्या पणतीची थोरली बहीणच. तुम्हाला त्याचा अभिमान होता आणि थोडी लाजही. कुठल्या थरातून निघाला ते उचलणाऱ्यानं लिहून ठेवलं नाही, म्हणून हा मुका झाला, असं तुम्ही दर वेळी म्हणायचात. दिवा नकाशांच्या कपाटात असायचा आणि कपाटाची चावी शिपाईमामांकडे. मी आठवीत नकाशे आणणारी मुलगी होते. मामा मला काही न विचारता चावी द्यायचे. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी नकाशे ठेवायला गेले आणि दिवा दप्तरात घालून घरी आणला. चोरायचा नव्हता सर, हे तुम्ही तरी माना. मला तो एकदा पेटलेला बघायचा होता. नरकचतुर्दशीला पहाटे स्वयंपाकघराच्या खिडकीत पणत्यांच्या रांगेत मी तो लावला. आई फराळाचं ताट भरता भरता म्हणाली, "ही वाकडी पणती कुणी आणली गं?" मी दचकून तो उचलायला गेले, बोट भाजलं, आणि दिव्याचे दोन तुकडे झाले. तेल पुसून तुकडे तांदळाच्या डब्याच्या तळाशी लपवले. पुढे सहा महिने आई डब्यात माप घालायची तेव्हा माझा जीव वर-खाली व्हायचा.

सुट्टीनंतर कपाट उघडलं, तर दिवा नव्हता. मुख्याध्यापकांनी मामांना सगळ्या शिक्षकांसमोर उभं केलं. मी दाराबाहेर नकाशा गुंडाळून उभी होते. "चावी कुणाला दिली होती का?" असं विचारलं, तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चावी माज्याकडंच व्हती," म्हणाले. "पन दिवा मी नाय घेतलाय. माज्या पोरांची आन." तुम्ही तेव्हा एकच वाक्य बोललात: "मग तो गेला कुठं?" तुम्हाला वाटलं असेल तुम्ही काहीच बोलला नाहीत. मामांनी पंधरा दिवसांत नोकरी सोडली आणि मुंबईला गेले. गावी राहायची सोय उरली नव्हती, तिथं बातमी त्यांच्या आधी पोचली होती. मे महिन्यात शाळेच्या भिंतींना चुना दिला, उरलेला मागच्या उकिरड्यावर ओतला. जूनमध्ये आई डबे घासायला काढणार म्हणाली, तेव्हा मी घाबरून दोन्ही तुकडे फडक्यात बांधून शाळेत नेले आणि त्याच उकिरड्यात, हात कोपरापर्यंत जाईल एवढा खड्डा करून पुरले. उकिरड्यात कोण बघतंय? माझी अक्कल ती केवढी.

नववीत तुम्ही म्हणालात, आपण यरीहो खणू या. इथंच, शाळेच्या मागे. तुम्ही दोरी लावून चौकोन आखलात तो नेमका उकिरड्यावर. कारण तुमच्या मते माणसं टाकलेल्या वस्तूंबद्दल खोटं बोलत नाहीत. मला नोंदी लिहायला बसवलंत, अक्षर चांगलं म्हणून. नोंदी पेननं लिहायच्या, खोडायचं काही नाही. चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची, हा तुमचा नियम. वर नव्या वर्गांच्या चिऱ्यांचा लाल भुगा, त्याखाली चुन्याची पांढरी रेघ, त्याखाली मामांनी पालापाचोळा जाळून केलेली काळी राख, मग फुटकी कौलं, मग कातळ. तुम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर काढून दाखवलंत: वस्तू राखेत सापडली म्हणून राखेच्या वेळची ठरत नाही. कुणी वरून खड्डा करून पुरली असेल, तर वरचे थर तिथं तुटलेले दिसतात, आणि जो शेवटचा थर तुटला त्याच्यानंतर ती पुरली. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. रोज अर्धी वीत खाली जात होतो आणि रोज रात्री मी देवाला सांगत होते, की ह्यांना कंटाळा येऊ दे.

पाचव्या दिवशी, मधल्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, तळाशी बसलेली एक मुलगी ओरडते, "सर, पणती!" तुम्ही वाकता. राखेतून चोच बाहेर आलीय. तुमचा चेहरा मला अजून दिसतो, इतका आनंद आणि इतकी भीती एकाच वेळी मी नंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नाही. कुणी हात लावू नका, असं सांगून तुम्ही मुख्याध्यापकांना बोलवायला निघालात आणि जाता जाता थापी माझ्या हातात दिलीत: "खड्ड्याची भिंत तासून ठेव. रेघा नीट बघ." घंटा झाली, मुली पळाल्या. मी एकटी खड्ड्यात उतरले आणि तासायला लागले. पांढरी रेघ दिव्याच्या बरोब्बर वर वीतभर तुटलेली होती. माझाच हात तिथून गेला होता. ज्याला डोळे आहेत तो सांगू शकला असता, की हे चुन्यानंतर पुरलंय, आणि चुना मामा गेल्यानंतरचा. कंपासपेटीत खडूचा तुकडा होता. मी तो थुंकीनं ओला केला आणि रेघ जोडली.

मुख्याध्यापक आले ते हातावर टाळी मारत. "बघा! त्याच्याच राखेत! मी म्हणत नव्हतो?" तुम्ही मला विचारलंत, "पांढरी रेघ कुठं तुटलीय?" "नाही सर. सलग आहे." तुम्ही खाली उतरलात, चष्मा वर केलात आणि बोट त्या रेघेवरून हळूहळू फिरवलंत. मध्येच थांबलात. मग बोट डोळ्यांजवळ नेऊन अंगठ्यानं चोळलंत. सर, तुम्ही आयुष्यभर फळ्यापाशी उभे होतात. तुम्हाला खडू ओळखायला कितीसा वेळ लागणार! मुख्याध्यापक वरून काहीतरी बोलतच होते. तुम्ही बोट पँटला पुसलंत आणि म्हणालात, "लिही. जे पाहिलंस ते." मी लिहिलं: दिवा, दोन तुकडे, काळ्या थरात. वरची पांढरी रेघ अखंड. तुम्ही वही घेतलीत, सही केली नाहीत. सगळे गेल्यावर थापी धुऊन माझ्या हातात परत ठेवलीत. "ही तुझ्याकडेच असू दे. यरीहोच्या मातीनं माझ्या आईच्या बाजूनं बोलावं असं मलाही वाटलं होतं. खडू मलाही मिळाला असता." एवढंच. तुमचा आवाज जराही चढला नाही, आणि मला त्याचा तेव्हा रागच आला, कारण एक थोबाडीत बसली असती तर मी सगळं सांगून मोकळी झाले असते.

त्यानंतर तुम्ही जेव्हा जेव्हा भेटलात, एसटी स्टँडवर, बाजारात, माझ्या लग्नातसुद्धा, तेव्हा निघताना म्हणालात, "कधीतरी ये घरी, वही बघायला." मी दर वेळी "हो सर" म्हटलं. जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन आले, तेही दारातूनच देऊन पळाले. तुमची मुलगी येऊन गेल्यावर पाचव्या दिवशी मी वही फळीवरून काढली. माझ्या नोंदीखाली तुमच्या अक्षरात होतं: 'माझं निरीक्षण वेगळं. रेघ वीतभर तुटलेली, तिथं खडू. दिवा चुन्यानंतर पुरला. शिपाई तेव्हा इथं नव्हता. मी त्याच्यावर संशय घेतला, ही माझी चूक.' त्याखाली 'नोंद करणारीची दुरुस्ती' एवढे शब्द आणि चार ओळी कोऱ्या. इतकी वर्षं तुम्ही मला त्या चार ओळींसाठी बोलावत होतात.

गेल्या रविवारी मी मामांच्या गावी गेले. ऐंशीच्या पुढचे आहेत, अंगणात सुपारी सोलत बसले होते. मी शाळेचं नाव सांगितलं, तुमचं सांगितलं. "सर आलं व्हतं ना माज्याकडं, मुंबैला खोलीवर," म्हणाले. "चपला काडून दारात हुबं ऱ्हायलं. बोललं, दिवा गावला, तू नाय घेतलास ता मातीनं सांगितलंन, मला माफ कर. मोटा मानूस रडत व्हता. कोनी पुरला ता काय बोललं नाय." मी विचारलं, "तुम्ही नाही विचारलंत?" मामांनी सुपारी खाली ठेवली. "कशाला विचारू? चावी कोनाला दिली व्हती ता मला ठावूक व्हतं." मग माझ्या कपाकडे बोट केलं. "चा निवतोय, बाय."

मी चहा प्यायले. सर, तो सगळा प्यायले, कप विसळून ठेवला, त्यांच्या पाया पडले आणि एक शब्द न बोलता एसटीला येऊन उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं होतं, दोनदा. ह्याची लाज मला दिव्यापेक्षा जास्त वाटते. घरी आल्यावर वही घेऊन बसले आणि तुमच्या त्या चार ओळी भरल्या. कपाट, चावी, खिडकी, तांदळाचा डबा, जून महिना, खडू, सगळं आहे. पुढच्या रविवारी ते पान मामांना वाचून दाखवायला जायचं ठरवलंय. हे पत्र कुठं टाकणार, ते वहीतच ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. मी ते पेन्सिलीनं लिहिलंय. पेन तिथंच होतं, हाताशी.