बंद घरातला माग

आक्का,

सगळी गल्ली तुला आक्का म्हणायची म्हणून मीही तेच म्हणत आले, आई कधी म्हटलंच नाही. भर दुपार आहे. शहापूरच्या आपल्या घरात, मधल्या खोलीच्या खिडक्या लावून, दारावर गोधडी टांगून कंदिलाच्या उजेडात हे लिहितेय. घुबडाला माझा हेवा वाटावा. गेल्या महिन्यात कॅम्पातल्या डॉक्टरांनी माझ्या गालांवरचा तांबडा डाग पाहिला, सुजलेली बोटं दाबली आणि म्हणाले, "बाई, याला लुपस म्हणतात. म्हणजे लांडगा. उन्हात अजिबात जाऊ नका." मी म्हटलं, "डॉक्टर, हा लांडगा आमच्या ओळखीतला आहे. आईच्याही तोंडावर बसायचा." नाकावरून दोन्ही गालांवर पसरलेला तुझा तो डाग आता मला रोज आरशात दिसतो.

तुला तुझ्या रोगाचं नाव कुणी सांगितलं नाही. गावात आलेल्या दुसऱ्या रोगाचं नाव मात्र पोराटोरांनाही ठाऊक होतं. गल्लीत उंदीर मरून पडायला लागले आणि प्लेगच्या भयानं सगळं शहापूर भांडीकुंडी घेऊन माळावरच्या झोपड्यांत गेलं. मी माहेरपणाला आलेली, तीही अडकले. प्लेगवर सरकारी औषध एकच, ऊन. आणि तुला नेमकं तेच विष. माळावर गेल्यागेल्या तुझं तोंड भाजल्यासारखं झालं, ताप चढला, बोटं रताळ्यासारखी फुगली. आप्पा म्हणाले, "घरात प्लेग बसलाय गं." तू म्हणालीस, "प्लेग आला तर येईल, न्हायतर न्हाय. ऊन रोज येतंय. मला घरला सोडा." कुणाला कळलं असतं तर तुला ओढून बाहेर काढलं असतं, म्हणून आप्पांनी तुला आत ठेवून बाहेरून कुलूप घातलं. आपल्या बायकोला प्लेगच्या घरात कोंडणारा नवरा. आणि त्याच्याइतका मायाळू माणूस मी पुढं पाहिला नाही.

तेव्हा रोज दिवस मावळताना मी माळावरून भाकरी घेऊन यायची. गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. माझीच पावलं भिंतींवरून वाजत परत येतात आणि कुणी तरी मागून येतंय असं वाटून मी वळून बघते. आणि त्या शांततेत, आपल्या सोप्यातून, तुझ्या हातमागाचा आवाज. खटक, खटक. ऐकून जिवात जीव येई. आक्का विणतेय म्हणजे आक्का आहे. मी मागच्या खिडकीच्या गजांतून भाकरी आत सरकवून परत फिरायची.

मग कौलं काढणारी टोळी आली. घरात ऊन शिरावं म्हणून छपरंच उघडी करायची, असा हुकूम. माळावर बातमी लागली तशी मी भर दुपारी धावत आले नि देवळाआड उभी राहिले. ज्या स्वयंपाकघरांनी जन्मात ऊन पाहिलं नव्हतं, ती एकेक करून उघडी पडत होती. आपल्या छपराला शिडी लागली. आपली दोन कौलं जरी निघाली असती तरी लांडग्यानं तुला खाल्लं असतं. गडी शिडीवर चढला आणि थांबला. खटक, खटक.

"सायेब, दाराला कुलूप हाय, कुलपावर कोळ्याचं जाळं हाय, आनि आत माग चाललाय."

"अरे, उंदीर असतील."

"उंदीर लुगडी इनत्यात व्हय? तुमी चढा, मी शिडी धरतो."

साहेब चढले नाहीत. आपलं छप्पर तेवढं शाबूत राहिलं.

त्या संध्याकाळी मी खिडकीशी हसतच आले. "झकास केलंस गं आक्का! जितेपणी भूत झालीस." तू हसली नाहीस. गजांतून दोन्ही हात बाहेर काढलेस. बोटं मिटत नव्हती, उघडत नव्हती.

"ह्या हातांनी? माळावरनं आल्यापास्नं मी मागाला शिवलो न्हाय गं."

"मग कोण विणतंय?"

"मीबी ऐकतो. लई बरं वाटतंय, सोबत हाय वाटतंय. तू इचारू नको. थांबलं तर?"

प्लेग सरल्यावर आप्पांनी कुलूप काढलं. मी आधी सोप्यात गेले. पदरावरचा राघू तू चोचीपर्यंत विणून सोडला होतास, तो चोचीपर्यंतच होता. वर धूळ. एक धागा पुढं गेलेला नव्हता. परतलेल्या बायकांनी तुझं तोंड बघितलं आणि पुन्हा कधी हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. तू म्हणायचीस, "भूत तर भूत. कौलं वाचली न्हवं?" आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, अंथरुणात का होईना, तू जगलीस.

पुढं मी भुताखेतांची टर उडवणारे लेख लिहिले. लोक पोट धरून हसतात. मुलगा म्हणतो, तो जुना माग मोडून टाकू, सोप्यात कपाट बसेल. मी सांगते, लाकूड चांगलं आहे, राहू दे. हे पत्र टाकायला पेटी कुठली? माझ्या वाचकांच्या हाती लागण्यापेक्षा चुलीत गेलेलं बरं. कारण काल दुपारी, या मिटलेल्या अंधारात मी पडले होते नि सोप्यातला तो खटक, खटक आवाज मधेच बंद झाला. मी उठले, भिंतीला धरत दारापर्यंत गेले, आत बघायचं धाडस झालं नाही. बाहेरूनच म्हटलं, "थांबू नको गं."