उणे उणे अधिक

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्लेसमेंटच्या सरांनी माझ्या बायोडेटाची पार चिंधी केली! लाल पेनाने सगळीकडे गोल, आणि प्रत्येक गोलात एकच शब्द — 'आम्ही'. आम्ही रोबो बनवला, आम्ही स्पर्धेत उतरलो, आम्ही दुसरे आलो.

"ही काय सहल आहे का? इंटर्नशिप एकाला मिळते. वाक्याचा कर्ता एकवचनी हवा. *तू* काय केलंस ते लिही."

मी काय केलं? वायरी! रोबोटिक्स टीममध्ये आल्यापासून मी वायरीच जोडतेय. सांगाडा कॅप्टनचा, कोड चष्म्याचा (नाकावर ही जाड भिंगं, म्हणून त्याचं नाव चष्मा) आणि मधलं सगळं गुंतवळ माझं. म्हणून तर नाव पडलं — वायरबाई. माझ्या प्रत्येक जोडावर मी निळी टेप लावते, तीच काय ती माझी सही. बायोडेटात टेप कशी चिकटवणार?

पण एक आहे. सर कितीही ओरडले तरी दाराबाहेर रांग असताना माझ्यासाठी बसून राहिले. ओळ न ओळ वाचली. घरच्यासारखं रागावणारं कोणी असावं लागतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सगळे 'आम्ही' काढून 'मी' घातले. मी आराखडा केला, मी जोडणी केली, मी चाचण्या घेतल्या. आईला वाचायला दिलं.

"छान झालंय. पण बाकीचे काय करत होते गं? टाळ्या वाजवत होते?"

हसून हसून मुरकुंडी वळली. मग अर्धे 'आम्ही' परत घातले. सरांना दाखवलं नाही!

मंगळवार, १८ फेब्रुवारी

अर्ज पाठवून पाठवून बोटं दुखली. एकाचंच उत्तर आलं — "अनुभव असल्यास कळवावे." अहो, अनुभवासाठीच तर येतेय ना!

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

बोलावणं आलं!! बाटल्यांना झाकणं बसवायची मशिनं बनवणारी कंपनी. लहानशीच आहे, पण तिथे शिकाऊ मुलांना मशिनला हात लावू देतात म्हणे. बाकी ठिकाणी कोपऱ्यात बसवून नुसते तक्ते भरायला लावतात. मला हीच हवी होती. मनापासून हीच.

पण बोलावणं चष्म्यालाही आहे. आणि जागा एक!

बातमी मला त्यानेच दिली. जिन्यावरून ओरडत आला — "वायरबाई, आपलं आलं!" जागा एकच आहे हे कळल्यावर मी मनात हिशेब मांडायला लागले, आणि हा बाबा 'आपलं' म्हणून नाचतोय. लाजच वाटली. असा मित्र मिळायला नशीब लागतं.

सोमवार, ३ मार्च

लॅबमध्ये कॅप्टनने आम्हा दोघांची खोटी मुलाखत घेतली. माइक म्हणून स्क्रू ड्रायव्हर. पहिलाच प्रश्न — "अंतिम फेरीत तुमचा रोबो गरगर का फिरला?"

ती गोष्ट मी इथे कधी लिहिलीच नाही. तेव्हा लिहावंसं वाटलं नव्हतं. आज लिहून टाकते.

उपांत्य फेरी जिंकलो आणि डाव्या चाकाची मोटार जळाली. मधल्या सुट्टीत मी नवी बसवली. जुनी इतकी तापलेली की तर्जनी चांगलीच भाजली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी बसवली! शेजारी चष्मा लॅपटॉप लावून कोडमध्ये काहीतरी बारीकसारीक करत होता. फेरी सुरू झाली आणि उजवं चाक पुढे, डावं मागे — जागच्या जागी भोवरा! पहिलं बक्षीस डोळ्यांदेखत गेलं.

मी पांढरीफटक पडले होते. चष्मा खाली वाकला, रोबोकडे बघितलं, आणि म्हणाला, "माझं. डाव्या चाकाच्या ओळीत एक उणे चिन्ह जास्तीचं पडलं."

परीक्षकांनी विचारलं तेव्हा कॅप्टन पुढे झाली. "आमचं उणे पडलं." आमचं! चष्म्याला कोणी एका शब्दाने बोललं नाही. त्याने तिथल्या तिथे कोड सुधारला आणि तेव्हापासून रोबो शहाण्यासारखा सरळ चालतो. प्रदर्शनांत कितीदा चालवला. आता काहीही बिघडलं, दूध नासलं, बस चुकली, की आम्ही म्हणतो — उणे पडलं! सगळ्यांत मोठ्याने चष्माच हसतो.

कॅप्टनला मी उत्तर दिलं, "आमचं उणे पडलं." ती म्हणाली, "खऱ्या मुलाखतीत कोणाचं ते विचारतील हं." चष्मा स्क्रू मोजण्यात गढलेला होता.

गुरुवार, ६ मार्च

झाली एकदाची. क्रमाने लिहिते, नाहीतर विसरेन.

बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून गेले. टपावर हा मोठा फलक — 'शिकाऊ'! म्हटलं, बाबा, गाडी जरा लांबच थांबवू. "का? खोटं लिहिलंय का काही?" गाडी मलाच चालवायला लावली. म्हणे हात कामात असले की भीती कमी वाटते. एका वळणावर सायकलवाला अचानक आडवा आला आणि गाडी अलगद थांबली. "वा! काय सुरेख थांबवलीस!" — बाबा. मी खूश. पुढे गेल्यावर लक्षात आलं, माझा पाय ब्रेकवर पोचलाच नव्हता! शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना. बाबांकडे बघितलं तर ते खिडकीबाहेर दुकानांच्या पाट्या वाचत होते.

मुलाखतीला एकच बाई. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत ग्रीस. मला बघताक्षणी आवडल्या. टेबलावर एक छोटं मशीन मरून पडलेलं. "बघा काय झालंय."

मी म्हटलं, "आधी आपण वीज येतेय का बघू या." 'आपण'! तोंडातून निघूनच गेलं. सर असते तर तिथेच लाल पेन काढलं असतं. पण मॅडम खरंच उठल्या आणि माझ्यासाठी टॉर्च धरून उभ्या राहिल्या. सेन्सरची वायर सैल होती. सापडली. वायरी कुठे लपतात ते मला ठाऊक असतं.

मग तो प्रश्न आलाच.

"अंतिम फेरीत काय झालं?"

"आमचं एक उणे चिन्ह जास्तीचं पडलं."

"कोणाचं?"

"आमचं."

"आमचं म्हणजे? माणूस कोण?"

दाराच्या काचेतून बाहेरचं बाक दिसत होतं. बाकावर चष्मा, इस्त्रीच्या शर्टात अवघडून बसलेला. खरं सांगते, नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं. एक नाव घेतलं की जागा कदाचित माझी! मग कॅप्टनचं ते 'आमचं' आठवलं, आणि जिभेवरचं नाव गिळलं.

"टीमचं, मॅडम."

त्यांनी काहीतरी लिहिलं. झालं. गेलीच बहुतेक.

माझ्यानंतर चष्मा आत गेला. बाहेर आला तो हसत. "मला पण तोच प्रश्न! सांगितलं, कोड माझा होता, चूक माझी." बसची वेळ सांगावी तितक्या सहज!

"अरे वेड्या, मी झाकलं होतं तुझं!"

"माहितेय," म्हणाला. आणि बाबांच्या गाडीवरचा फलक बघून पोट धरधरून हसला.

रविवार, ९ मार्च

फोन उलटा ठेवून जेवले. तरी दर घासाला सुलटा करून बघत होते.

बुधवार, १२ मार्च

मिळाली!!!

मॅडमचा स्वतःचा फोन. "इथे मशीन बंद पडलं की सगळे एकमेकांची नावं घेतात. तुम्ही घेतलं नाहीत. तुमचा मित्रही चांगला होता. पण कोड तपासून न बघता फेरीत उतरवला, हे जरा खटकलं. आणि जागा एकच आहे." दोन जूनपासून या म्हणाल्या.

आई हातातलं लाटणं घेऊनच नाचली. बाबा म्हणाले, "चला, फलक खरा ठरला." मी नुसती रडत होते. सरांना, कॅप्टनला, ऐकून ऐकून कंटाळलेल्या आईला — सगळ्यांना धन्यवाद म्हणत सुटले. कोणाकोणाचे हात लागलेत या एका फोनला!

पण ते 'खटकलं' मलाही खटकतंय. खरं बोलला म्हणून त्याची गेली.

गुरुवार, १३ मार्च

जागा मला मिळाली, आणि चहा पाजला चष्म्याने! सगळ्या लॅबला.

गुरुवार, २७ मार्च

चष्म्यालाही मिळाली! कृत्रिम हात बनवणारी प्रयोगशाळा आहे. तो बोलता बोलता स्वतःची बोटं मिटून उघडून दाखवत होता, इतका खूश. आज कुठे मला माझा आनंद नीट अंगी लागला. इतके दिवस उसना घेतल्यासारखा वाटत होता.

सरांना पेढे न्यायला निघाले होते, आई म्हणाली त्यांना गोड चालत नाही, मग चांगलंसं लाल पेन नेलं. सर गालातल्या गालात हसले. "कर्ता चुकवलास म्हणे मुलाखतीत. तरी पास!"

शुक्रवार, २ मे

परीक्षा संपली. दिवसभर झोपले. देवा, असंच चालू दे.

शनिवार, ३१ मे

परवा पहिला दिवस. रोबो आता नव्या मुलांच्या हाती द्यायचा, म्हणून आज लॅबमध्ये जुन्या वायरी काढायला बसले. डाव्या मोटारीवरचं झाकण त्या फेरीनंतर पहिल्यांदाच उघडलं.

लाल वायर काळीच्या जागी. काळी लालच्या जागी — म्हणजे चाक उलटंच फिरणार. दोन्हींवर माझी निळी टेप.

कोडमध्ये उणे पडलंच नव्हतं. ते त्याने नंतर घातलं, माझं वायरीतलं उणे भरून काढायला. उणे उणे अधिक. म्हणून तर रोबो सरळ चालत होता!

त्याला फोन केला. आधी नेहमीसारखा हसला. मग — "बोट भाजलं होतं गं तुझं. त्यात आणखी कशाला?"

परवा गेल्या गेल्या मॅडमना एक वाक्य सांगायचंय. कर्ता एकवचनी.