दोऱ्याची गोळी

सोमवार
आलो बुवा एकदाचे. दोन ट्रंका, एक शिलाई मशीन आणि आठ वर्षांची लेक. सापडेल ते खिशात साठवते म्हणून तिला सगळे खारूताई म्हणायचे, त्याची आता नुसती खारू झाली आहे. शिंप्याचं दुकान खाली, आमची खोली वर, मध्ये करकरणारा जिना. मालकीणबाई ऐसपैस आणि मोकळ्या स्वभावाच्या. माझ्या हातची काजं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या की असा हात शोधून सापडत नाही. मी इतका गडबडलो की बटणांचा डबाच सांडला. चाळिशी आली तरी माणसाला कौतुक झेपू नये म्हणजे कमाल आहे.

मशीन आप्पांचं. माझे वडील महिन्यापूर्वी गेले, तेव्हा घरातून एवढंच आणलं. मशीन चांगलं आहे. लोखंडाला कशाला दोष द्यायचा?

बुधवार
खारूने बाहुलीला झगा शिवायला घेतलाय. एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला. बघता बघता आप्पा आठवले. तेही शिंपीच, आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. त्यांनी कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. मी शिवलेलं कापड हातात घ्यायचे, जिभेने ‘च्’ करायचे आणि छोट्या कात्रीने उसवायला बसायचे. चुकलेला टाका नव्हे, सगळंच. निघालेला दोरा बोटांत वळून त्याची गोळी करायचे, ती कापडावर ठेवायचे आणि कापड माझ्यापुढे सरकवायचे. बस्स. पुन्हा शीव. लग्नात घालायला मी माझा कोट शिवला, तोही उसवला. त्यांच्या तोंडून ‘छान झालंय’ ऐकायला मी म्हातारा व्हायला तयार होतो, पण आधी तेच गेले.

खारूला मात्र मी हे दोन शब्द रोज देणार. आईविना पोर आहे. तिच्या वाट्याला ती गोळी येऊ द्यायची नाही, एवढं एक काम माझ्याकडून नीट व्हावं. आज झगा पाहिला आणि म्हणालो, छान झालंय. ती अशी काही हसली की मलाच भरून आलं.

शुक्रवार
एका गिऱ्हाइकाचा सदरा काल पुरा करून टांगला होता. सकाळी खाली उतरलो तर बाह्या वेगळ्या, गळा वेगळा, खिसा वेगळा. कापडाला ओरखडासुद्धा नाही. आणि वर दोऱ्याची गोळी.

आधी उंदरांवर आळ घेतला, पण उंदीर गोळ्या वळत बसत नाहीत. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला की नव्या जागेत माणूस झोपेत काहीबाही करतो, त्याचा मेहुणा म्हणे झोपेत बादल्या भरून ठेवायचा. हसलो. सदरा पुन्हा शिवला.

रविवार
दुपारी जेवून जरा पडलो होतो. उठलो तर बाहुलीचा झगा टेबलावर, पुरता उसवलेला. शेजारी गोळी. खारू रडली नाही, तेच जिवाला लागलं. तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, या उंदरांचा बंदोबस्त करायला हवा. तर ती म्हणाली की उंदीर नव्हता, म्हातारे बाबा होते.

मी विचारलं, कोण म्हातारे बाबा? म्हणाली, अगदी तुमच्यासारखे, तुमचाच सदरा घातलेले. पाठीत वाकलेले होते आणि काही बोलत नव्हते.

तिने आप्पांना कधी पाहिलेलं नाही. मीच पाहू दिलं नव्हतं.

मंगळवार
मशीन खालच्या कोठीत ठेवलं, कुलूप लावलं. मशीनच्या खणातली आप्पांची छोटी कात्री नाल्यात फेकून आलो. हातानेच शिवायचं म्हटलं.

सकाळी दोन फ्रॉक उसवलेले. कात्री माझ्या उशाखाली, ओली. खिशात हात घातला तर गोळ्या. मूठभर. लाल, निळ्या, पांढऱ्या.

मालकीणबाईंनी हलकेच विचारलं की बरं नाही का. सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते ‘च्’. त्या एक पाऊल मागे सरल्या.

गुरुवार
पाठ सरळ होत नाही. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

खारू माझ्यासमोर शिवत नाही. दाराआड बसते. मी जवळ गेलो की कापड मांडीखाली लपवते. मीही असंच, याच मांडीखाली—

ते दोन शब्द सकाळपासून म्हणून पाहतोय. ओठ उघडतात, पुढे काही येत नाही. माझ्या लेकीला माझी भीती वाटते. देवा, ही भीती मला पाठ आहे.

शनिवार
कसंबसं, तुटक तुटक बोलून खारूला मालकीणबाईंच्या घरी पाठवलं. म्हटलं मी नसलो की वाचेल. जाताना मागे वळून पाहिलं नाही तिने. बरं झालं. फार बरं झालं. पायरीवर बसून रडलो.

सोमवार असावा
मालकीणबाई येऊन गेल्या. दारातूनच बोलल्या. पोरीने तिकडे झगा शिवला, सुरेख शिवला, त्यांनी तोंडभरून कौतुकही केलं. तर ती ‘च्’ म्हणाली. बसून सगळा उसवला. गोळी वळली आणि त्यांच्या हातावर ठेवली.

मी नव्हतो तिथे. मी तर इथे होतो—

नंतर
जिना करकरला. ती आली आहे.

माझ्यासाठी सदरा शिवलाय. एकटीने. टाके सरळ, एकसारखे, माझ्यापेक्षाही— टेबलावर ठेवलाय, शेजारी कात्री. माझ्याकडे बघत नाही. वाट बघते आहे. मी बोललो नाही तर ती स्वतःच उसवेल, आणि मग आयुष्यभर—

तोंड उघडतोय. आवाज नाही. मागे कोणीतरी उभं आहे, श्वास मानेवर. वळायचं नाही.

तिने कात्री उचलली.

उजवा हात अजून माझा आहे, थोडा. लिहून दाखवतो. वही तिच्यापुढे सरकवतो. वाचेल. खारू, बाळा, कात्री खाली ठेव, इकडे बघ, हे वाच, सदरा फार छा