रोज तीस बाण

८ जुलै, सोमवार

तीसपैकी अकरा! बाकीचे गवतात. एक तर लाकडाच्या ढिगात असा घुसला की पक्कड आणून ओढावा लागला. आणि तेवढ्यात खिडकीवर टकटक, टकटक, टकटक. माझ्या नवऱ्याला, गॉर्डीला वाटतं मी मुद्दाम वेळ काढते.

मागच्या खिडकीशी त्याची चाकांची खुर्ची. मांडीवर दुर्बीण, हातात चमचा. एकदा टकटक म्हणजे दोरी ताण. दोनदा म्हणजे चुकलं, पुन्हा. बरोबर लागल्याची खूण नाही. लागला की नुसतं गप्प.

संध्याकाळी खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बसले तर म्हणतो, "मी विसाव्या वर्षी रोज शंभर मारायचो." म्हटलं, विसाव्या वर्षी मी नाचायला जायचे! हसला. हसला की अजून तोच जुना गॉर्डी दिसतो.

९ जुलै

तेरा.

१२ जुलै, शुक्रवार

शुक्रवार म्हणजे तळलेला मासा. अख्खं गाव टॅव्हर्नमध्ये खायला-प्यायला. आम्ही नाही.

विंडेल, माझा धाकटा दीर, मुद्दाम गाडी घेऊन आला. "चल रे, खुर्ची मी उचलतो. रिनेला पण जरा माणसं दिसू देत." गॉर्डी म्हणाला, "तिचे बाण राहिलेत." जशी काही गाईंची धार राहिलीय! विंडेलने माझ्याकडे बघितलं. मी धनुष्य उचललं आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

सतरा आले. रागाने नेम सुधारतो वाटतं.

१६ जुलै

डुलुथहून मार्लिसताईचा फोन. तिच्या बेकरीमागची जागा रिकामी होतेय. एक पायरी नाही, खुर्ची थेट आत जाते, न्हाणीघर मोठं. खिडकीतून सरोवर. दवाखाना दहा मिनिटांवर. "आणि पहाटे माझ्याबरोबर पाव भाजायला ये. सप्टेंबर संपेपर्यंत थांबते, मग दुसऱ्याला देईन."

इथे दवाखाना पन्नास मैलांवर. बर्फ पडला की विंडेलने बर्फ हटवायचा नांगर फिरवल्याशिवाय गाडी दारातून हलत नाही. गेल्या फेब्रुवारीत गॉर्डीला ताप चढला तेव्हा तीन तास वाट बघितली. पुन्हा तसला हिवाळा माझ्याच्याने व्हायचा नाही. खरंच नाही.

जेवताना धीर करून काढलंच. तो काट्याने बटाटा ठेचत राहिला. मग म्हणाला, "वाकड्या पडू दे. मग तू म्हणशील तिथे."

मी दोनदा वदवून घेतलं.

वाकड्या म्हणजे ते हरीण. डावं शिंग कानावरून खाली आलंय. गॉर्डी चार वर्षं त्याच्या मागे आहे. झाडावरच्या कॅमेऱ्यातले त्याचे फोटो आमच्या फ्रिजवर आहेत, पोरंबाळं असती तर त्यांचे लागले असते तिथे. त्याचीच वाट बघत मचाणावर बसला होता गॉर्डी, तेव्हा पडला. आता पायांत जीव नाही आणि उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मग उरलं कोण? मी. शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी बाई.

"विंडेलला सांग ना," म्हटलं होतं मी सुरुवातीला.

"विंडेल बंदुकीवाला. ते कुणालाही जमतं. आणि घरातलं घरातच राहायला हवं, रिने."

२४ जुलै, बुधवार

आज गॅरेजमध्ये बाण काढायला गेले आणि डोकं त्या पट्ट्याला लागलं. कपडे वाळत घालायच्या दोरीवर, शिडी आणि डीप फ्रीझरच्या मधे. नोव्हेंबरपासून तिथेच आहे. मी काढत नाही. तो रोज खुर्ची घेऊन त्याच्याखालून जातो, एक शब्द बोलत नाही.

हे कुठेच लिहिलं नव्हतं. लिहून टाकते एकदाचं.

शिकारीचे कपडे मी धुते, बिनवासाच्या साबणाने, कारण हरणाला माणसाचा वास आला की संपलं. धुतलेलं सगळं झाकणाच्या डब्यात भरून ठेवायचं आणि जंगलाशी पोचल्यावर तिथेच अंगावर चढवायचं. त्या आठवड्यात मी कोट धुतला, पँट धुतली आणि मचाणावर मांड्यांत अडकवून झाडाला बांधून घ्यायचा तो पट्टाही धुतला. कोट-पँट डब्यात भरली. पट्टा ओला होता, म्हटलं उद्या ठेवते. विसरले! शनिवारी पहाटे मी झोपलेली. तो डबा घेऊन गेला. तिथे अंधारात डबा उघडला असेल, पट्टा नसेल, तसाच चढला असेल. अठरा फूट.

दवाखान्यात सगळ्यांना म्हणाला, "घाई होती, घातला नाही." माझं नाव नाही घेतलं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्यापाशी सगळं ओकले, रडून रडून. पट्टा मीच विसरले, माझ्यामुळे झालं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, "जाऊ दे. मी तुला माफ केलं."

आता सांगा, अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? कुठल्या तोंडाने?

एकवीस बाण लागले.

२ ऑगस्ट

हात अडकला!

दोरी ताणली, दोरीतल्या भोकातून बघत धनुष्यावरचा नेमाचा हिरवा ठिपका सरावाच्या फोमच्या हरणावर आणला, आणि तो पोटाच्या खालीच थांबला. काळजाच्या जागेवर येईचना. तीन इंच वर न्यायचा फक्त! हात दगड. बोट दोरी सोडायच्या खटक्यावर, तेही दगड. दंड दमला, मग बाण आपोआप सुटला तो थेट हरणाच्या पायाखाली. टकटक.

असं नऊ वेळा. टकटक, टकटक.

५ ऑगस्ट

गॉर्डी म्हणतो, हा धनुष्यवाल्यांचा जुना आजार आहे, भल्याभल्यांना होतो. औषध एकच. गवताच्या गठ्ठ्यासमोर दोन हात अंतरावर उभं राहायचं, नेमच लावायचा नाही, डोळे मिटायचे आणि नुसतं सोडायचं. दोन आठवडे.

मग आता रोज तीस बाण डोळे मिटून! गंमत अशी की मला ते आवडतंय. डोळे मिटले की खिडकी नाही, चमचा नाही. दोरीचा स्पर्श ओठाच्या कोपऱ्याला, श्वास, आणि गठ्ठ्यात धप्प. सबंध दिवसात तेवढा वेळ मी कुणाची नसते.

११ ऑगस्ट

मार्लिसताईने आठवडाभर बोलावलं होतं. विंडेल म्हणाला, मी राहतो गॉर्डीपाशी. गॉर्डी म्हणाला, "आठवडा थांबलं की खांदा विसरतो." नाही गेले.

सकाळी त्याला उचलून खुर्चीत बसवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, पाठ पुसायची, जखमा होत नाहीत ना बघायच्या. त्याचं मला काही नाही, कुणीही करेल. पण हा चमचा! स्वप्नात पण वाजतो.

१९ ऑगस्ट

परत वीस यार्डांवर. ठिपका पुन्हा पोटाखाली अडकला. पण आज गॉर्डीला विंडेलने केस कापायला नेलं होतं, तेव्हा मी एकटीने आठ मारले. आठही काळजात! एका ओंजळीत मावतील इतके जवळ.

ते परत आले, खिडकी उघडली, आणि पुढचा बाण गवतात.

त्याला नाही सांगितलं. काय सांगायचं, की आजार तू आहेस?

२८ ऑगस्ट

खरी पाती बसवली आज बाणांच्या टोकांना. अंगठा कापला. गॉर्डी म्हणाला, "बघ, किती धार आहे." अंगठ्याकडे नाही बघितलं.

३ सप्टेंबर, मंगळवार

शाळा उघडली! दोनशे पोरांचा कलकलाट, वाफ, मॅकरोनीची घमेली, आणि कुणी काही टकटक करत नाही. हात हातात घ्यावेत असं वाटलं एकेकाचे.

घरी आले तर धनुष्य खुर्चीला टेकवून तयार.

१३ सप्टेंबर

उद्या हंगाम सुरू. रात्रीच्या जेवणात गॉर्डीने हजारदा सांगितलं. वाऱ्याकडे पाठ नको, हरणाचा पुढचा पाय पुढे गेल्याशिवाय सोडू नको, बाण लागला तरी अर्धा तास उतरू नको. आणि शेवटी ताटाकडे बघत, "पट्टा घाल हं."

मी भांडी घासायला उठले. पाणी कढत होतं तरी हात काढले नाहीत.

१४ सप्टेंबर, शनिवार

पट्टा दोरीवरून मीच काढला. दहा महिन्यांची धूळ. झटकला, घातला, बकल लावलं. माझ्या मापाचाही नाही.

मचाण तेच, झाड तेच. चढले, स्वतःला बांधलं, आणि खाली बघितलं. खाली नेची माजलीत आता. तिथे तो पाच तास पडला होता, विंडेल हाक मारत येईपर्यंत. मला वाटलं होतं भीती वाटेल. भीती नाही वाटली. लाज वाटली, आणि मग किती शांत आहे हे असं वाटलं. त्याचीही लाज वाटली.

एक मादी आणि तिचं पिल्लू येऊन गेलं. धनुष्य उचललंसुद्धा नाही. गॉर्डीला सांगितलं काही आलं नाही.

१७ सप्टेंबर

शाळेतून थेट मचाणावर. खारी. पाऊस.

मार्लिसताईचा निरोप: एक नवरा-बायको जागा बघून गेले. "काय ते लवकर सांग."

१९ सप्टेंबर

गॉर्डी म्हणतो, तू हलत असशील. तुझा वास येत असेल. तू लक्षच देत नसशील.

असेल. असेल. असेल.

२१ सप्टेंबर, शनिवार

पडला.

सहाच्या सुमारास नेच्यांमध्ये नुसतं एक शिंग दिसलं, खाली वळलेलं. माझं काळीज इतकं वाजत होतं की त्याला ऐकू जाईल असं वाटलं. अठरा पावलांवर आडवा उभा राहिला. मान खाली. म्हातारा झालाय, तोंड पांढरं पडलंय, फोटोत कळलं नव्हतं. मी ताणलं. ठिपका पोटाखाली अडकणार म्हणून वाट बघत होते. अडकला नाही! काळजावर आला आणि तिथेच बसला. कुठे काही वाजलं नाही. बोटाने कधी ओढलं मलाच कळलं नाही.

अर्धा तास बसून राहिले. मग रक्ताच्या थेंबांमागे सत्तर पावलं. पडला होता, एका कुशीवर. डोळे उघडे. मी त्याच्या मानेवर हात ठेवला, अजून ऊब होती. म्हटलं, माफ कर रे बाबा. ढसाढसा रडले. त्याच्यासाठी रडले, आणि सुटले म्हणूनही रडले. सुटले!

गॉर्डीला फोन केला. पलीकडून नुसता हुंदका. मग, "खरं? खरं सांग! वाकड्याच?" इतकं प्रेमाने तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

विंडेलने येऊन ओढून काढला, गॅरेजमध्ये टांगला, पोटात बर्फाच्या पिशव्या भरल्या. गॉर्डी त्या शिंगावरून बोट फिरवत बसला. मी अंघोळ केली, सूप गरम केलं आणि म्हटलं, "उद्या मार्लिसताईला हो कळवते."

"अगं, आत्ता कुठे हात बसलाय तुझा!" तो म्हणाला. "कॅमेऱ्यात दुसरा एक आलाय, याच्याहून मोठा. पुढच्या वर्षी..."

"गॉर्डी, तू शब्द दिला होतास. दोनदा."

तो चिडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "रिने, मी कधी काही बोललो का तुला? त्या पट्ट्याबद्दल? एकदा तरी?"

नाही बोलला. कधीच नाही.

मी सूप वाढलं. त्याने चमचा उचलला. तोच चमचा.

२२ सप्टेंबर, रविवार

विंडेल मांस कापायला आला. सुरी चालवता चालवता खुंटीवरच्या पट्ट्याकडे बघून म्हणाला, "बरं केलंस, घातलास. तो पडला त्या पहाटे मी गॉर्डीला इथेच उभं राहून सांगितलं होतं, तो बघ दोरीवर, घे की. म्हणाला, ओला आहे, मांड्या गारठतील, राहू दे."

मी विचारलं, "बघितला होता त्याने?"

"अगं, हात लावून बघितला! तुला नव्हतं माहीत?"

मी पट्टा घेतला. गॉर्डी खिडकीशीच होता. त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "वाळलाय आता."

त्याने बकल एकदा उघडलं, एकदा लावलं. मग म्हणाला, "विंडेल बोलला?" एवढंच.

मार्लिसताईला फोन लावला. जागा ठेव म्हटलं. तिने विचारलं, किती माणसं?

एक नक्की, म्हटलं. दुसऱ्याचं त्याला विचार.