सतरा वर्षांच्या लुसेटचा आवाज

बरबँक, कॅलिफोर्निया
२ नोव्हेंबर १९८६

थोरल्या बहिणीला, म्हणजे आर्डिसला, धाकट्या व्हर्लाचा नमस्कार आणि एक पापा. एमेटभावजींचा गुडघा कसा आहे? मका काढून झाला का? तुझ्या रक्तदाबाची चौकशी मात्र पत्र वाचून झाल्यावर केली असं धर, कारण आत्ताचा आकडा मग उपयोगाचा राहणार नाही. मी बरी आहे. (वरची कवळी नवी केली. खालचे दात अजून माझेच आहेत.)

मुद्द्याचं आधी सांगते. येत्या बावीस तारखेला, शनिवारी सकाळी आठ वाजता टीव्ही लाव आणि जोलीनलाही बोलावून घे. तुझी ही नात ज्या लुसेट बाहुलीसाठी दुकानात जमिनीवर लोळली होती (एमेटभावजींनी ख्रिसमसच्या कार्डावर लिहिलं होतं), त्याच लुसेटचं तासाभराचं कार्टून लागणार आहे. लुसेट आपल्या चार मैत्रिणींना घेऊन चंद्रावर फॅशन शो करायला जाते, अशी गोष्ट आहे. चंद्रावर बघायला कोण येणार, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यावर आमचे दिग्दर्शक मिस्टर कोवाच यांनी पुढचं पान उलटलं. तीस वर्षं मी कोंबड्या, चेटकिणी आणि एकदा एका चिडक्या किटलीचा आवाज काढलाय, त्यामुळे मला मिळाली होती चंद्रावरच्या खानावळीची मालकीण. ती शेळी आहे.

आता बाहुलीच्या कंपनीच्या बाई, मिसेस पेल्हम. या रोज मांडीवर वही घेऊन काचेपलीकडे बसायच्या, आणि लुसेटनं काय करायचं नाही ते सगळं त्या वहीत होतं. लुसेट बसत नाही, कारण बाहुलीचे गुडघे वाकत नाहीत. लुसेट खात नाही, कारण ओठांचा रंग जाईल. आणि लुसेट कधी, कधीही रागावत नाही. लेखक बिचारा तीन महिने या मुलीला चंद्रावर उभीच्या उभी हसवत होता.

लुसेटचा आवाज होता टॅन्सी नावाच्या बावीस वर्षांच्या पोरीचा. गोड पोरगी. पण एप्रिलमध्ये रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी ती बास्केटबॉलच्या सामन्याला गेली आणि घसा फाडून ओरडली. दुसऱ्या दिवशी तिच्या तोंडून नुसती हवा येत होती. डॉक्टरांनी तीन आठवडे मौन सांगितलं. तिकडे कोरियात चित्रं काढणारे लोक आमच्या टेपची वाट बघत बसलेले, कारण आवाज आल्याशिवाय ओठ हलवायचे कसे? शुक्रवारपर्यंत टेप गेली नाही तर कार्यक्रमच रद्द होणार होता. म्हणजे माझी शेळीही गेली. आणि आर्डिस, दीड वर्षात मला तेवढं एकच काम आलं होतं. हे मी तुला कधी कळवलं नाही.

मी बाहेर टॉफी चघळत बसले होते. ती वरच्या कवळीला अशी चिकटली की बाथरूममध्ये जाऊन कवळी काढावी लागली. तिथे मी आरशासमोर त्या टॉफीला जे काही बोलले, ते दाराबाहेर ऐकू गेलं. दार वाजलं. मिस्टर कोवाच बायकांच्या बाथरूमबाहेर उभे.

"आत कोण मुलगी आहे?" त्यांनी विचारलं.

"मी आहे, व्हर्ला."

"दात लावू नका," ते म्हणाले, "तशाच या."

तर अशी मी अठ्ठावन्नाव्या वर्षी सतराची झाले. एकच घोटाळा होता, दातांशिवाय माझा 'स' घसरून 'श' होतो. लुसेटला स्वतःचं नावच घेता येईना. त्याहून वाईट म्हणजे फॅशनच्या बाहुलीला 'ड्रेस' म्हणता येईना, 'ड्रेश' यायचं. लेखकानं दुपारभर बसून तिच्या बोलण्यातला एकेक 'स' उपटून काढला आणि सगळीकडे 'झगा' घातला. मिसेस पेल्हमना काही कळू नये म्हणून माझ्याभोवती पडदा लावला आणि टॅन्सी फार लाजते असं सांगितलं. झग्यावरून त्या कुरकुरल्या ("झगा माझी आजी झोपताना घालायची"), पण आवाज ऐकून गप्प बसल्या.

गुरुवारी शेवटचा प्रसंग आला. मैत्रिणी रुसून पृथ्वीवर परत निघतात आणि लुसेट गोड आवाजात त्यांना थांबायची विनंती करते. ती विनंती मी अकरा वेळा केली, आणि अकराही वेळा मलाच वाटलं की त्यांच्या जागी मी असते तर निघून गेले असते. बाराव्या वेळी माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अर्ध्यात टाकून जायचं होतं तर आलीच कशाला? ये इकडे. हातातलं काम पुरं कर, मग हवं तेवढं रड."

काचेपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मिसेस पेल्हम तरातरा आल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला. समोर मी, चष्मा लावलेली, शेजारी कॉफीच्या कपात माझी कवळी. मी मनातल्या मनात सामान आवरायला घेतलं होतं.

"तुम्ही कोण?" त्यांनी विचारलं.

"शेळी," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

त्या स्टुलावर बसल्या. "हे आत्ताचं बोलणं," त्या सावकाश म्हणाल्या, "मला कुणीतरी अगदी असंच बोलायचं. तेव्हा मी तिचा फार रागराग करायचे." मग वही उघडून त्यांनी रागावण्याची ओळ खोडली आणि मिस्टर कोवाचना म्हणाल्या, "हे राहू द्या. आणि या बाईंना पडदा नको, खुर्ची द्या."

टेप शुक्रवारी गेली. नावांच्या यादीत माझं नाव शेळीपुढेही आहे आणि लुसेटपुढेही. जोलीनला मात्र सांगू नकोस. तिची लुसेट सतराचीच राहू दे.

सगळ्यांना प्रेम.

तुझी,
व्हर्ला

ता. क. तो आवाज कवळी काढल्यामुळे आला असं सगळे समजतात, आणि मी समजू दिलं. दात काढले की बाई फक्त बोबडी होते. आवाज तुझा आहे. तू सतराची असताना, आई आजारी होती आणि घर तू चालवत होतीस, तेव्हाचा. टॉफीलाही मी त्याच आवाजात रागावले होते. पूर्ण कार्यक्रमभर मी तुझीच नक्कल केली आहे. तुला विचारलं नाही. तेव्हा शनिवारी टीव्हीतून कुणी तुझ्यासारखं बोललं तर दचकू नकोस.

आणखी ता. क. दुसरा कार्यक्रम ठरलाय. रेकॉर्डिंग जानेवारीत आहे. पण गेला आठवडाभर घरी प्रयत्न करतेय आणि तुझा आवाज धड लागत नाही. आठवायला जावं तर आईच्या अंत्यविधीनंतरचा फोनच आठवतो. कोंबडीचं रेकॉर्डिंग संपवून मी एक दिवस उशिरा पोचले होते, त्यावरून तू बोललीस आणि मी फोन आपटला. त्याला तीन वर्षं झाली. तू बरोबर होतीस. येत्या रविवारी चर्चमधून आल्यावर मला फोन करशील का? जे बोलायचं राहिलं असेल ते सगळं बोल. मी मध्ये बोलणार नाही.