राखेनं घासलेलं विमान

अमरावती, खंडेनवमी, १९४३

शी! आठ दिवसांची मेहनत आईनं राखेनं घासून टाकली. धाकटा भाऊ बंडू विमानदलात मिस्त्री आहे. त्याच्या पत्रांवरून त्याचं विमान मी सागवानात कोरलं, रंगवलं. कोरं करकरीत दिसू नये म्हणून पंखांवर काळ्या मातीचे शिंतोडे उडवले. आज सकाळीच इंजिनाच्या धुराच्या नळ्यांमागे कंदिलाची काजळी बोटानं ओढली. हुबेहूब साधली होती ती काजळी!

संध्याकाळी घरी आलो, तर पूजेत विळा, कुऱ्हाड, करवत आणि मध्ये हे चकचकीत खेळणं. रंगाचे टवके उडालेले, वर हळदीकुंकू. किळसच आली. "अडाणी ती अडाणीच!" पूजेसमोर ओरडलो मी. आईवर.

तिनं हातातलं निरांजन खाली ठेवलं. मग म्हणाली, "जळल्यावानी काळं दिसलं मले. वाटलं, तुले बंडूचं काही समजलं अन् तू सांगून नाही राहिला. म्हून घासलं."

तीन महिने त्याचं पत्र नाही. आणि मी तिच्यासमोर बसून काजळी ओढत होतो, वर कौतुकानं दाखवतही होतो. काय माणूस आहे मी?

हात तीनदा धुतले. नखातली काजळी निघत नाही.